एनएफएस जोडणीतील अडचणी
नेटवर्क फाइल सिस्टिम (एनएफएस) ही सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली विकसित केलेली, दुसऱ्या संगणकावरील फोल्डर आपल्याच संगणकावर असल्याप्रमाणे वापरू देणारी प्रणाली आहे. घरातील दोन लिनक्स संगणकांत जोडणी (माउंट) होऊनही 'परवानगी नाकारली' असा संदेश आल्यास दोष बहुधा नेटवर्कचा नसतो. नेहमीच्या मांडणीत सर्व्हर वापरकर्त्यास नावाने नव्हे, तर क्रमांकाने ओळखतो. नाव एकच, पण एकीकडे क्रमांक १००० व दुसरीकडे १००१ असल्यास तो परकाच ठरतो. म्हणून दोन्हीकडे 'आयडी' ही आज्ञा देऊन क्रमांक ताडून पाहावेत. रूटलाही सर्व्हर मुळात अनामिक वापरकर्ताच मानतो. त्यामुळे 'सुडो'चा उपाय सहसा चालत नाही. सर्व्हर बंद पडल्यास मात्र फाइल मागणारा प्रोग्राम तो पुन्हा सुरू होईपर्यंत अडकून राहतो. हा बिघाड नसून माहिती अर्धवट लिहिली जाऊ नये यासाठीची मूळ मांडणी आहे.