सोलर प्लांट तयार, पण वीज न्यायची कशी?

राजस्थानातल्या जैसलमेर-बिकानेर पट्ट्यात ऊनही भरपूर आणि मोकळी जमीनही. म्हणून तिथे मोठमोठे सोलर प्लांट उभे राहिले. पण भर दुपारी, वीज सर्वाधिक तयार होत असतानाच, काही प्लांटना उत्पादन कमी करायला सांगितलं जातं. याला ‘कर्टेलमेंट’ म्हणतात. पॅनल चालू, ऊन कडक, तरी वीज वाया. असं का?

कारण ही वीज शेकडो किलोमीटर दूरच्या शहरांपर्यंत न्यावी लागते आणि तेवढ्या लाइन्स तयार नाहीत.

असलेल्याच लाइनवर जास्त वीज का सोडत नाहीत?
एक लाइन ट्रिप झाली की तिचा भार क्षणात शेजारच्या लाइन्सवर येतो. त्यांना झेपला नाही तर त्याही ट्रिप होतात. ३० जुलै २०१२ ला पहाटे बीना-ग्वाल्हेर लाइन ट्रिप झाली आणि उत्तर भारताची अख्खी ग्रिड कोसळली. म्हणून थोडी क्षमता कायम राखीव ठेवावीच लागते.

मग नव्या लाइन्स टाका की!
इथे तीन अडचणी आहेत.

१. वेळ: सोलर प्लांट दीड-दोन वर्षांत होतो. मोठी लाइन आणि सबस्टेशनला अनेकदा त्याच्या दुप्पट वेळ लागतो.

२. जमीन: टॉवर शेतात उभा राहतो, पण शेतकऱ्याला मोबदला कमी मिळायचा. केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी टॉवरखालच्या जमिनीचा मोबदला तिच्या किमतीच्या ८५ वरून २०० टक्के केला.

३. माळढोक: आपल्याकडे नान्नजमुळे माहीत असलेल्या या पक्ष्याचं शेवटचं मोठं घर जैसलमेरच आहे. त्याला उडताना समोरच्या तारा नीट दिसत नाहीत आणि तो धडकून मरतो. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखाली घालायला सांगितलं. पण ७६५ किलोव्होल्टच्या लांब पल्ल्याच्या लाइनसाठी ते व्यवहार्य नाही. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञ समिती नेमली.

तोपर्यंत काय?
सोलरसाठी टाकलेली लाइन सूर्य मावळला की जवळपास रिकामी असते. प्लांटजवळच बॅटरी बसवली, तर दुपारची वाया जाणारी वीज साठवून संध्याकाळी त्याच तारेतून पाठवता येते, आणि तेव्हाच घराघरांत मागणी वाढलेली असते.

त्यामुळे ‘इतके गिगावॅट सोलर बसवलं’ अशी बातमी वाचलीत, तर पुढचा प्रश्न नक्की विचारा: लाइन तयार आहे का?