झिप उघडली म्हणजे फाइल बाहेर आली असं नाही

नागावहून बोलतोय. आपल्याकडे होमस्टेचे फोटो, दरपत्रक सगळं झिप करून येतं. १९८९ मध्ये फिल कॅट्झनं आणलेलं हे गाठोडं. विंडोजवर डबल-क्लिक केलं की आतलं दिसतं, पण ते अजून गाठोड्यातच असतं! तिथूनच दरपत्रक उघडून सीझनचे रेट बदललेत, तर तुम्ही तात्पुरत्या प्रतीवर काम करताय; बदल गायब होऊ शकतात.

म्हणून आधी झिपवर राइट-क्लिक, मग ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’. जागा निवडा, ‘एक्स्ट्रॅक्ट’ दाबा. नवं फोल्डर तयार होतं, काम त्यातच करा. फाइली उघडून बघितल्याशिवाय झिप डिलीट करू नका.

आणि अनोळखी ‘बुकिंग’च्या झिपमध्ये ‘डॉट ईएक्सई’ फाइल दिसली, तर हातच लावू नका. तो फोटो नाही, प्रोग्राम आहे.