मध्यबिंदूची झीज

विमानाच्या शेपटीवर जो उभा पंख असतो, त्याच्या मागच्या कडेला बिजागरीवर फिरणारी एक फळी जोडलेली असते. तिला सुकाणू किंवा रूढ शब्दात 'रडर' म्हणतात, आणि विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवण्याचे तिचे काम वैमानिक हातांनी नव्हे, तर पायांनी करून घेतो. डावे पेडल पुढे रेटले की उजवे तेवढेच मागे येते, सुकाणू डावीकडे झुकते आणि नाक डावीकडे वळते. त्याच पेडलांचे वरचे टोक चवड्यांनी दाबले असता डाव्या आणि उजव्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे लागतात. घरातील संगणकावर उड्डाणाचा सराव करणाऱ्यांसाठी मिळणारी रडर पेडले याच रचनेची प्रतिकृती असतात, मात्र त्यांच्यामागे पोलादी दोर आणि कप्प्या नसून तीन लहान संवेदक असतात: एक सुकाणूची स्थिती टिपतो आणि उरलेले दोन ब्रेकांची. पेडले बिघडली असे म्हटले जाते तेव्हा बहुतेक वेळा या तिघांपैकी एकाची, किंवा त्याच्यापर्यंत जाणाऱ्या तारेची, दुरुस्ती करायची असते.

या बिघाडाचे स्वरूप कळण्यासाठी पेडले प्रत्यक्षात कशी वापरली जातात हे पाहावे लागते. सेसना १७२ सारख्या एका इंजिनाच्या विमानात पुढचा पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. धावपट्टीवर पूर्ण शक्ती दिली की त्या फिरण्याच्या प्रतिक्रियेमुळे आणि पंख्यामागून पीळ घेत येणाऱ्या हवेच्या झोतामुळे विमान डावीकडे ओढ घेते, म्हणून वैमानिक उजव्या पेडलावर हलका आणि सतत बदलता दाब ठेवून ते मध्यरेषेवर राखतो. वळण घेताना, आडव्या वाऱ्यात उतरताना, इंजिनाची शक्ती कमी-जास्त करताना हेच लहान प्रमाणात घडत राहते. पेडल थेट टोकापर्यंत नेण्याचे प्रसंग थोडे. बाकीचे सारे कौशल्य मध्यबिंदूच्या आसपासच्या एक-दोन सेंटिमीटरांत सामावलेले असते. त्यामुळे संवेदकही तेथेच घासला जातो आणि तेथेच प्रथम झिजतो. जेथे पायाला सर्वाधिक अचूकता हवी, नेमकी तीच जागा आधी निकामी होते, ही या उपकरणाची मूळ अडचण आहे आणि दुरुस्तीचा प्रत्येक निर्णय तिच्याकडे लक्ष ठेवूनच घ्यावा लागतो.

जुन्या आणि स्वस्त पेडलांत हा संवेदक म्हणजे पोटेन्शिओमीटर, दुकानदारांच्या बोलीत 'पॉट' असतो. रेडिओचा आवाज कमी-जास्त करणारी खुंटी ज्यावर बसवलेली असते तोच हा भाग. त्याच्या आत घोड्याच्या नालाच्या आकाराची कार्बनची पट्टी असते, तिच्या दोन टोकांमध्ये विद्युतदाब दिलेला असतो आणि मधल्या दांड्याबरोबर फिरणारा धातूचा स्पर्शक, म्हणजे वायपर, पट्टीवरून घासत जाऊन त्या त्या जागेचा दाब तिसऱ्या जोडाकडे पोहोचवतो. पेडलांच्या पेटीतील सर्किट बोर्ड हा दाब मोजून त्याचा आकडा करतो. १० बिटांच्या बोर्डात अशा १०२४ पायऱ्या असतात, १२ बिटांच्या बोर्डात ४०९६. येथे एक हिशेब लक्षात घेण्यासारखा आहे. साधा पॉट सुमारे ३०० अंश फिरू शकतो, परंतु पेडलाचा सांधा त्याला त्यातले ६० अंशच फिरवत असेल, तर १०२४ पैकी जेमतेम २०५ पायऱ्या वापरात येतात आणि पट्टीचा चार-पंचमांश भाग कोरा राहून उरलेल्या तुकड्यावरच सारी घासाघीस होते. साध्या कार्बन पॉटचे आयुष्य सामान्यतः दहा-पंधरा हजार फेऱ्यांचे धरले जाते. आवाजाच्या खुंटीला ते पुरून उरते, पण सतत हलत्या पायाखाली ते फार लवकर संपते.

दुरुस्तीची सुरुवात स्क्रू-ड्रायव्हरने न होता पडद्यावर होते. विंडोज प्रणालीत जॉयस्टिक, पेडले यांसारखी साधने तपासण्याची एक लहान खिडकी असते, तीत प्रत्येक अक्षाची, म्हणजे एकेका संवेदकाच्या हालचालीची, स्थिती हलत्या पट्टीने दिसते. पेडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शक्य तितके सावकाश नेत ती पट्टी पाहिली की बिघाड बराचसा स्वतःची ओळख देतो. पडद्यावरच्या पट्टीची उडी प्रत्येक वेळी एकाच जागी बसत असेल, विशेषतः मध्यावर, तर पॉटची पट्टी झिजलेली असते. उडीची जागा बदलत असेल आणि तार बोटाने हलवल्यावर ती वाढत असेल, तर तार आतून तुटलेली असते. तिन्ही अक्ष एकदम गायब होत असतील, तर पॉट निर्दोष असून दोष यूएसबी केबलमध्ये, तिच्या जोडात किंवा बोर्डात शोधावा लागतो; अशा वेळी पेडले हबमधून काढून थेट संगणकाला जोडून पाहणे ही पहिली पायरी होय. चौथी एक खूण अधिक सूक्ष्म आहे: पेडल डावीकडून सोडल्यावर मध्यावर येणारा आकडा आणि उजवीकडून सोडल्यावर येणारा आकडा वेगवेगळे असतील, तर विजेचा काही दोष नसून सांध्यांत ढिलाई आलेली असते, आणि नवा पॉट बसवूनही तो फरक तसाच राहतो. ही चाचणी न करता घाईने पॉट बदलणाऱ्यांचे श्रम अनेकदा येथेच वाया जातात.

केबल काढून पेडले उलटी केली की तळाच्या पत्र्याचे स्क्रू दिसतात. ते काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर छायाचित्रे घेणे ही सवय म्हणून नव्हे, तर गरज म्हणून पाळावी लागते, कारण आत ताणलेल्या स्प्रिंगा असतात आणि एखादी सुटून उडाली की ती कोणत्या हुकातून कोणत्या हुकात गेली होती हे आठवत नाही. डोळ्यांवर चष्मा हवा तो याच कारणाने. आत बहुधा मोज्यांचे धागे, केस आणि काळे पडलेले ग्रीस यांचा थर सापडतो. तो पुसून पॉटचे तीन जोड उघडे केले की मल्टिमीटरची पाळी येते. बाहेरच्या दोन जोडांमधील रोध पॉटवर छापलेल्या आकड्याच्या आसपास यायला हवा, आणि मधला जोड व एक कड यांमधील रोध दांडा फिरवताना सलग बदलायला हवा. जुना काट्याचा मल्टिमीटर या कामी आकड्यांच्या मल्टिमीटरपेक्षा सरस ठरतो, कारण आकड्यांचे यंत्र सेकंदातून काही मोजक्या वेळाच मोजणी दाखवते आणि क्षणभर तुटलेला स्पर्श त्याच्या नजरेतून निसटतो, तर काटा मात्र त्या जागी स्पष्ट दचकतो.

पॉटमध्ये संपर्क साफ करणारा फवारा मारून दांडा पंचवीस-तीस वेळा फिरवला की पेडले पुन्हा चालू लागतात, हा उपाय सर्वत्र सांगितला जातो आणि धूळ हेच कारण असेल तेव्हा तो खराही ठरतो. परंतु पट्टीवरून निघून गेलेला कार्बन फवाऱ्याने परत येत नाही. गंज सोडवणारे साधे तेल फवारणे तर अपायकारक आहे. ते मूळचे वंगण धुऊन नेते आणि मागे राहणारा चिकट थर नवी धूळ धरून ठेवतो. काढलेल्या पॉटचे पत्र्याचे कान वाकवून तो उघडला म्हणजे शंका उरत नाही: काळ्या मॅट पट्टीच्या मध्यावर एक चकचकीत, खोलगट ओरखडा दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पट्टी जवळजवळ नवी असते. नवा पॉट लगेच मिळण्यासारखा नसेल तेव्हा याच निरीक्षणाचा एक चांगला उपयोग करता येतो. पॉटचे शरीर त्याच्या जागेत साठ-सत्तर अंश फिरवून बसवले, तर वायपर पट्टीच्या न वापरलेल्या भागावर चालू लागतो आणि बदललेले आकडे कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे टोके आणि मध्य संगणकाला नव्याने शिकवण्याच्या क्रियेत, सामावून घेतले जातात.

नवा पॉट घेताना मूल्याइतकेच त्याच्या प्रकाराकडे पाहावे लागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर '१० के लिनिअर' एवढे म्हटले तरी दुकानदाराला कळते. १० के म्हणजे दहा हजार ओम रोधाचा, आणि लिनिअर म्हणजे दांडा जितका फिरेल तितक्याच प्रमाणात रोध बदलणारा. आवाजासाठीचा लॉग पॉट चुकून घेतला तर पेडल एका बाजूला आळशी आणि दुसऱ्या बाजूला उतावळे होते. दांड्याचा व्यास, त्याची लांबी, टोक गोल आहे की एका बाजूने कापलेले, हेही जुना पॉट हातात धरूनच जुळवावे. बाहेरच्या दोन तारा एकमेकींच्या जागी लागल्या तर केवळ दिशा उलटते आणि ती संगणकात सुधारता येते; पण मधली तार कडेला आणि कडेची मध्ये लागली, तर दांडा एका टोकाला जाताच पाच व्होल्टचा पुरवठा थेट जमिनीला मिळतो. म्हणून सोल्डर करण्यापूर्वी तारांच्या रंगांची नोंद कागदावर करावी. ब्रेकांच्या तारांची कथा वेगळी आहे. त्या पेडलाबरोबर प्रत्येक वेळी वाकतात आणि वरचे आवरण शाबूत असताना आतले तांब्याचे धागे सोल्डरच्या जोडापाशी एकेक करून तुटतात. तेथे सिलिकॉनच्या मऊ आवरणाची, बारीक अनेक धाग्यांची तार घालून तिला सैल वळसा ठेवला आणि जोडापासून थोड्या अंतरावर ती बांधून टाकली, तर वाकण्याचा ताण जोडावर येत नाही.

घासणारा भागच नको असेल तर हॉल संवेदकाचा मार्ग आहे. विद्युतप्रवाह चालू असलेल्या वाहकाजवळ चुंबकीय क्षेत्र आणले असता प्रवाहाच्या आडव्या दिशेला सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो, हे एडविन हॉल यांना १८७९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आढळले, आणि त्याच तत्त्वावर चालणारी तीन पायांची चिप आज पॉटच्या जागी बसवता येते. फिरत्या दांड्यावर चुंबक आणि त्याच्यासमोर स्थिर चिप अशी ही मांडणी असते. दोघांत कुठेही स्पर्श नसल्यामुळे झीजही नसते. क्षेत्र नसताना पाच व्होल्टवर चालणारी अशी चिप सुमारे अडीच व्होल्ट देते आणि चुंबकाचा जो ध्रुव समोर येईल त्याप्रमाणे तो आकडा वर किंवा खाली जातो. मात्र हे बदल कोनाच्या प्रमाणात नसून साइनच्या वक्रानुसार होतात. मध्यापासून ३० अंशांपर्यंत सरळ रेषेशी असलेला फरक पाच टक्क्यांच्या आत राहतो, त्यापुढे तो भराभर वाढतो. म्हणून चुंबक अशा रीतीने चिकटवावा लागतो की पेडल मध्यावर असताना चिपला क्षेत्र जवळजवळ शून्य जाणवेल. तो वीस अंश जरी तिरका बसला, तरी डावा आणि उजवा पाय असमान होतात आणि झिजलेल्या पॉटपेक्षा अधिक फसवी अवस्था निर्माण होते, कारण आता आकडा स्थिर असतो पण चुकीचा असतो. जवळचे लोखंडी स्क्रूही क्षेत्र वाकवतात. तेथे पितळी घालणे उत्तम.

विजेच्या कामात गुंतलेला माणूस स्प्रिंग आणि बुश, म्हणजे सरकत्या भागांतले झिजणारे अस्तर, यांकडे दुर्लक्ष करतो, आणि ते मोठे चुकते. पायाला आकडे कळत नाहीत; त्याला कळतो तो दाब, आणि दाबाबरोबर पेडल किती सरकले हे अंतर. दाब आणि अंतर यांचे नाते किती गंभीर असते हे १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यू यॉर्कहून निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या ५८७ क्रमांकाच्या उड्डाणात दिसले. पुढे गेलेल्या विमानाच्या भोवऱ्यात सापडल्यावर सहवैमानिकाने पेडले आलटून-पालटून जोराने दाबली, एअरबस ए३०० विमानाचा उभा पंख तुटून पडला आणि विमानातील २६० व जमिनीवरील पाच माणसे मृत्युमुखी पडली. तपास मंडळाने ती पेडल-क्रिया अनावश्यक आणि अतिरेकी ठरवली, पण त्या विमानाच्या सुकाणू-यंत्रणेची वैशिष्ट्ये आणि कंपनीच्या प्रशिक्षणातील काही बाबी यांचाही अपघाताला हातभार लागल्याचे नोंदवले. जास्त वेगात त्या विमानाचे पेडल थोड्याच अंतरात, तुलनेने कमी दाबाने टोकाला पोहोचत असे. विमान कंपन्यांच्या मोठ्या सिम्युलेटरांत पेडलाचा दाब आणि सरकणे यांचा आलेख खऱ्या विमानाच्या मोजणीशी ताडून पाहिला जातो, तो याच जाणिवेने. घरातील पेडलांना अशी कसोटी नाही, परंतु सैल स्प्रिंगवर शिकलेला पाय खऱ्या विमानात जोर लावताना चुकतो, हे तेथेही खरे आहे.

म्हणून स्प्रिंग बदलताना दोन्ही बाजूंच्या एकदम बदलाव्यात. सरकपट्टीचे नायलॉनचे बुश झिजले असतील तर तेही नवे घालावेत आणि वंगण प्लास्टिकला न खाणारे, सिलिकॉनचे असावे. पेटीचा प्लास्टिकचा सांधाच तडकला असेल, विशेषतः जेथे दोन्ही पायांचा भार एका खिळीवर येतो तेथे, तर चिकटवण्यात अर्थ नसतो. तो भाग पत्र्यातून कापून घ्यावा किंवा पेडलेच नवी घ्यावीत.

सर्व जोडल्यावर कॅलिब्रेशन करताना सॉफ्टवेअरमधील डेड झोन शून्यावर आणावा. डेड झोन म्हणजे मध्याभोवतीचा असा पट्टा की ज्यातील हालचाल संगणक मुद्दाम ऐकत नाही. थरथर लपवण्यासाठी बरेच जण तो वाढवतात आणि त्याबरोबर मध्यावरचे सारे बारीक नियंत्रणही गमावतात. शून्य डेड झोनवर आकडा स्थिर राहिला, दोन्ही बाजूंनी सोडल्यावर पेडल एकाच आकड्यावर परतले, तर तळाचा पत्रा बसवावा. नवी स्प्रिंग पहिल्या काही दिवसांत किंचित सैलावते, तेव्हा आठवड्याने मध्यबिंदू पुन्हा एकदा तपासून कॅलिब्रेशन नव्याने करावे लागते.