कापलेली नस पुन्हा कशी वाढते?

सोयाबीन काढताना मनगटाला विळा लागला आणि बोटे बधिर झाली किंवा हलेनाशी झाली, तर मज्जातंतू, म्हणजेच नस, तुटलेली असू शकते. अहमदपूर भागात सुगीत असे रुग्ण येतात.

नस शस्त्रक्रियेने जोडल्यावर तिचे तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात. १० सेंटीमीटरला तीन-चार महिने लागतात. त्यांना वाट दाखवतात ‘श्वान पेशी’ (थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून). या आधारपेशी तुटलेला भाग साफ करतात आणि रांग लावून मार्ग तयार करतात. स्नायूतल्या श्वान पेशी फाटे पसरून नव्या तंतूला नेमक्या जागी पोहोचवतात.

महिने उलटले की या पेशी थकतात, स्नायू सुकतो. वर्ष-दीड वर्षानंतर ताकद परत येणे अवघड होते. म्हणून बधिरपणा असेल तर टाके घालण्याआधीच डॉक्टरांना सांगा.