घड्याळाच्या काचेवर ओरखडे? भाव सांगण्याआधी काच ओळखा!

घड्याळ दुरुस्तीचं दुकान टाकताय? गिऱ्हाईक म्हणेल, "वडिलांचं घड्याळ आहे, काच चकाचक करून द्या." लगेच भाव सांगू नका. काच कसली आहे, त्यावर तुमचा वेळ आणि नफा ठरतो.

१) ॲक्रिलिक : जुन्या एचएमटी जनतासारख्या चावीच्या घड्याळांत हीच असते. नखाने टिचकी मारा, प्लास्टिकसारखा बोदा आवाज येतो. कडेच्या धातूला टेप लावा, पॉलिश पेस्ट सुती कापडावर घेऊन हाताने घासा. चरा खोल असेल तर आधी २००० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून फिरवा. मशीन नको, काच तापून खराब होते. इथे माल थोडा लागतो, मजुरी तुमची.

२) मिनरल काच : घासत बसलात तर वेळ जातो आणि चरा तसाच राहतो. व्हर्नियरने माप घ्या, नवी बसवा. काचेची किंमत अधिक मजुरी, असा भाव सांगा.

३) सफायर : मोह्स मापावर हिचा कठीणपणा ९, सहसा ओरखडा पडतच नाही. दिसला तर तो बऱ्याचदा वरच्या कोटिंगवर असतो. हिला हात लावू नका, बदलण्याचा खर्च आधीच सांगा.

आणि हो, काम घेताना गिऱ्हाइकासमोर फोटो काढा. काच बदलल्यावर प्रेशर टेस्ट केल्याशिवाय 'वॉटरप्रूफ' म्हणू नका. आत पाणी गेलं, तर वडिलांची आठवण जाते आणि तुमचं गिऱ्हाईकही!