आधी कमान की पाणी?

गावाला निधी आला, की पहिली मागणी कमानीची. कमान दिसते, जमिनीत मुरलेलं पाणी दिसत नाही. मग मार्चमध्ये त्याच कमानीखालून टँकर आत येतो! अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं १९९० नंतर पाणी मुरवलं, शेतीसाठी बोअरवेल बंद केल्या. पावसाचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली.

दुसरा घोळ पहिल्या बोलणाऱ्याचा. वजनदार माणूस बोलला, की सभा माना डोलावते. मुशायऱ्यातही पहिली वाहवा कुणाची, यावर पुढच्या ठरतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असं महाराष्ट्राचा कायदा सांगतो. ती कागदावर उरकू नये. मी तर म्हणेन, चर्चेआधीच प्रत्येकानं आपली निवड चिठ्ठीवर द्यावी. लिहिता येत नसेल, तर चित्रं लावलेले डबे ठेवा आणि हातात एकेक चिंचोका द्या.