बालकांना औषध देण्यातील सुरक्षितता : ओळख, मात्रा व पडताळणी

३१ जानेवारी २०२१ रोजी पल्स पोलिओ मोहिमेत यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी या गावी ५ वर्षांखालील १२ बालकांना पोलिओ लसीऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. उलट्या होऊ लागल्याने बालकांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने ती बचावली. संबंधितांवर कारवाईही झाली. परंतु परिचर्येच्या दृष्टीने कारवाईहून महत्त्वाचा प्रश्न असा की, द्रव तोंडात पडण्यापूर्वी त्याची ओळख पटविण्याची पायरी कोठे निसटली?

पोलिओ लसीच्या कुपीवर वर्तुळात चौकोन असलेले उष्णतादर्शक चिन्ह असते. आतील चौकोन वर्तुळाहून फिका असेल तरच लस द्यावयाची असते. ही खूण डोळ्यांनी पाहण्याचा नेम प्रत्येक वेळी पाळला, तर दुसरी बाटली हाती आल्याचे तेथेच उघड होते. गर्दीत नेमका हाच क्षण वगळला जातो. प्रौढ रुग्ण ‘हे नेहमीचे औषध नव्हे’ असे म्हणू शकतो; मूल केवळ तोंड फिरविते आणि त्याचा तो हट्ट समजला जातो. शिवाय लहान मुलांच्या यकृतात ग्लायकोजेनचा साठा अल्प असल्याने अल्कोहोलमुळे रक्तातील साखर धोकादायकरीत्या घटू शकते.

औषध योग्य असूनही मात्रा चुकू शकते. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा सर्वसाधारणपणे दर किलोग्रॅम वजनास १५ मिलिग्रॅम धरली जाते. ८ किलोच्या बालकास १२० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेले सिरप ४.८ मिलिलिटर लागते. मात्र १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले थेंब केवळ १.२ मिलिलिटर पुरतात. मातेने सिरपच्या सवयीने थेंबांचे औषध ५ मिलिलिटरचा चमचा भरून दिले, तर ५०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपटीहून अधिक औषध पोटात जाते. यास्तव परिचारिकेने ‘एक चमचा’ असे न सांगता सिरिंजवर खूण करून द्यावी आणि मातेकडून एकदा भरून घ्यावे.

मुलाला उताणे झोपवून, नाक दाबून औषध पाजण्याची रीत अद्याप घरोघरी आढळते. त्यातून औषध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. मूल मांडीवर टेकवून बसते धरावे व सिरिंज गालाच्या आतील बाजूस ठेवून थोडे थोडे सोडावे. बाटलीभर दुधात औषध मिसळू नये. दूध उरले तर किती मात्रा पोटात गेली हे कळत नाही. औषध ओकून पडल्यास डॉक्टरांना विचारल्याविना ते पुन्हा देऊ नये.